मामांचा अंगठा

सुरतेच्या उधना, पांडेसरा आणि इच्छापोर या तिन्ही ठिकाणच्या कारखान्यांत मिळून जेवढी कामं माणसाला करता येतात, तेवढी सगळी माझ्या मामेसासऱ्यांना एकट्याला येतात, आणि त्यातलं एकही काम त्यांना कोणी देत नाही. पहिला अर्धा भाग मी थोडा फुगवून सांगितला, ते मान्य. दुसरा अर्धा मात्र शब्दशः खरा आहे, आणि तो खरा होण्यात माझा हात आहे. म्हणून आधीच सांगून ठेवतो, की मामांना हसायला हरकत नाही. लग्न झाल्यापासून मीही हसतच आलो आहे. फक्त हसता हसता माझ्याकडे बघू नका.

मामा म्हणजे माझ्या बायकोच्या आईचे धाकटे भाऊ. खानदेशातल्या तापीकाठच्या एका गावातून विशीत निघाले ते त्याच नदीच्या खालच्या टोकाला, सुरतेला, येऊन लूमच्या खात्यात लागले. खातं म्हणजे कापड विणायच्या मशीनांचा कारखाना. बत्तीस वर्षं ते लूमवर होते, त्यातली शेवटची एकोणीस उधन्यातल्या एकाच शेठकडे. आणि मी? मी उधन्यातच जन्मलो, वाढलो, एम.ए. झालो, आणि सध्या एका कौशल्य प्रशिक्षण केंद्राचा समन्वयक आहे. समन्वयक म्हणजे काय, असं मामींनी एकदा विचारलं होतं. मी पाच मिनिटं सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, "म्हणजे माणसं गोळा करतात." एवढ्या थोडक्यात माझं काम मलाही कधी सांगता आलं नव्हतं. तीस माणसांची बॅच भरली तर केंद्र चालतं, केंद्र चाललं तर मी चालतो. कौशल्य हे मध्ये कुठंतरी येतं.

आता मामा त्या बॅचमध्ये कसे आले ते सांगायचं तर आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. खानदेशात भाचीला मामा मानतो म्हणजे केवढं मानतो, हे बाहेरच्याला पटत नाही. भाची पाळण्यात असली तरी मामा तिच्या पाया पडतो. आणि भाचजावई म्हणजे त्या देवीचा नवरा, त्याच्या पायांची सुटका कशी होणार? लग्नानंतर पहिल्यांदा मामा मला उधन्याच्या भर रस्त्यात भेटले, रिक्षातून उतरले, आणि "राम राम जवाईबापू" म्हणत थेट वाकले. मागच्या रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक दाबला आणि आमच्या दोघांच्या घराण्यांचा गुजरातीत उद्धार केला. माझ्या बापाच्या वयाच्या माणसानं माझ्या चपलांना हात लावावा, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मागं सरलो तर ते पुढं आले. दुसऱ्या वेळी मी कमी सरलो. पाचव्या-सहाव्या वेळेपासून मी सरायचा बंद झालो. माणसाला कशाचीही सवय होते, पण या सवयीची मला आता लाज वाटते.

पाया पडण्याच्या मागोमाग दुसरी गोष्ट येते, ती म्हणजे जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. एका आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मी त्यांच्याकडे पुरणपोळी आणि आमरस ओरपत होतो आणि ओरपता ओरपता सहज म्हणालो, की यंदाच्या बॅचला दोन माणसं कमी पडताहेत. एवढंच. ताटावरचं बोलणं ताटाबरोबर जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्र उघडायला गेलो तर मामा दारात उभे. डोक्याला तेल, अंगात लग्नातला शर्ट, आणि बरोबर शेजारच्या मशीनवरचा एक झोपाळू माणूस. "काळजी करू नका बापू," ते म्हणाले, "मी शे ना." मी आहे ना, असं त्यांचं घरचं अहिराणी. समोर कुठलाही प्रसंग येवो, मयत असो की मुंज, मामांचं हे एकच वाक्य असतं. त्या दिवशी कोर्स होता मोबाईल दुरुस्तीचा.

बरं, नाव लावून घरी जाणारे हे मामा नव्हेत. पाळी बदलून घेऊन, अर्धी झोप मोडून ते येत आणि मन लावून शिकत. मोबाईलचा कोर्स झाल्यावर त्यांनी सोसायटीतले अकरा फोन उघडले. सगळ्यांनी डोक्याला हात लावला, पण सगळे फोन पुन्हा चालू झाले, आणि एका म्हातारीच्या फोनचा तर हरवलेला आवाजही परत आला. पुढच्या वर्षी बेकरी. महिनाभर मामींच्या घरात नानकटाई सोडून दुसरं काही शिजलं नाही. मग सुरक्षारक्षकाचा कोर्स, त्यानंतर मामा दूधवाल्यालाही सलाम ठोकू लागले. मग मालविक्रीचा. त्यात गिऱ्हाईक दारात आलं की हसून काय म्हणायचं ते शिकवतात. मामींचा भाऊ वडिलोपार्जित जागेवरून भांडायला गावाहून आला, तर मामांनी दार उघडलं, छातीशी हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार, मी आपली काय सेवा करू शकतो?" तो माणूस इतका गडबडला, की चहा पिऊन तसाच परत गेला. मामा म्हणतात, कोर्स वाया गेला नाही.

अशी सात-आठ प्रमाणपत्रं झाली. सगळी लॅमिनेशन करून देवघराच्या वर, खंडोबाच्या टाकाला धक्का लागणार नाही अशी टांगलेली. मामी धूप ओवाळताना त्यांनाही ओवाळतात, कारण हात तिथवर जातोच. एकदा मात्र वैतागून त्या म्हणाल्या होत्या, "आते काय ह्या कागद खाशात का?" मी हसलो होतो. मामीही हसल्या, पण माझ्याइतकं नाही.

मामांचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे आमच्या केंद्रातलं अंगठ्याचं मशीन. हजेरी अंगठ्यावर. बत्तीस वर्षं तुटलेली तार, म्हणजे धागा, पकडून, चिमटीत धरून, गाठ मारून मामांच्या बोटांवरच्या रेषा अशा घासून गेल्या होत्या, की बोटं दगडी पाट्यासारखी गुळगुळीत. मशीन त्यांना ओळखायलाच तयार नाही. मामा अंगठा ठेवत, मशीन लाल व्हायचं. ओल्या फडक्यानं पुसला, लाल. कोणी सांगितलं म्हणून मेंदी लावून आले, लाल. कोणी सांगितलं कांदा चोळा, तर वर्गभर कांद्याचा वास आणि मशीन लालच. रांग खोळंबायची, मागची पोरं गुजरातीत चेष्टा करायची, आणि मामा मशीनलाच समजावत, "अरे भाऊ, रोज येतो मी. तोंड तरी पाह्य." शेवटी डाव्या हाताचं करंगळीजवळचं बोट कसंबसं लागलं. तेव्हापासून मामा कुठंही गेले की आधी ते बोट पुढं करत, बँकेतही आणि रेशनच्या दुकानातही.

दुसरं म्हणजे मामांना बसता येत नसे. लूमवाला बसत नाही. दोन रांगांमधून तो येरझारा घालतो, कुठं तार तुटली, कुठं कांडीवरचं सूत संपलं ते बघत. मामा लग्नातही पंगतीच्या दोन रांगांमधून मागं हात बांधून फिरत आणि कोणाच्या पानावर काय संपलं ते वाढप्याला खुणेनं सांगत. वर्गातही तेच. एकदा वरून तपासणीला एक साहेब आले. आमचा शिक्षक कोपऱ्यात फोनमध्ये डोकं घालून बसला होता आणि मामा बाकांमधून फिरत एकेकाचं काम वाकून बघत होते. साहेबांनी विचारलं, "किती वर्षांचा अनुभव?" मामा म्हणाले, "बत्तीस." साहेब खूश झाले, आणि 'प्रशिक्षक अत्यंत अनुभवी' असा शेरा लिहून गेले. तो शेरा मी फ्रेम करून केंद्रात लावला. त्यात खोटं काही नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं.

आणि ती हातांची भाषा. खात्यात एवढा आवाज, की शेजारच्याच्या कानाला तोंड लावलं तरी ऐकू जात नाही. तिथं माणसं हातांनी आणि ओठांनी बोलतात. मामांचे कान निम्मे केव्हाच गेले होते, पण ओठ ते वर्तमानपत्रासारखे वाचत. त्यांची फुशारकी याच्याही पुढची होती. "बापू, बारा मशीन धडधडत असू द्या," ते सांगत, "पुढल्या रांगेतला माणूस पाठमोरा काय बोलतो ते मला त्याच्या मानेवरून कळतं. जबडा हालतो, कानामागची शीर हालती. तेवढं पुरं." मी म्हणालो, मामा, हे जरा जास्त झालं. तेव्हा मामी ओट्याकडे तोंड करून काहीतरी पुटपुटल्या, आणि मामा लगेच म्हणाले, "पाहिलं? म्हणते, याला नुसत्या थापा मारायला पाहिजेत." मामींनी वळून कबूल केलं. पण पाठमोरी बायको काय पुटपुटते ते जगातल्या कुठल्याही नवऱ्याला कळतं, म्हणून मी तो पुरावा काही धरला नाही.

प्रत्येक कोर्सच्या शेवटच्या दिवशी मामा हात वर करत आणि तोच प्रश्न विचारत. "सर, शिकलो. आता काम कुठं?" शिक्षक माझ्याकडे बघे. मग मी उभा राहून सांगे, की व्यक्तिमत्त्वविकास हवा, संभाषणकला हवी, बाजाराची गरज ओळखायला हवी. मामा मान हलवत. एकदाच, घरी, माझ्या ताटात भाकरी वाढताना ते म्हणाले होते, "बापू, रागावू नका. गावाची विहीर आटली, आणि तुम्ही आम्हाला पोहरा कसा सोडायचा ते शिकवता." म्हणाले आणि लगेच मामींना ओरडले, की जावयाला तूप कमी का वाढलं. त्यांना वाटलं मी दुखावलो. दुखावलो नव्हतो. मला ते वाक्य आवडलं, आणि पुढल्या आठवड्यात एका बैठकीत मी ते माझंच म्हणून सांगितलं. सगळे हसले. नंतर नव्या कोर्सांची यादी वाटली गेली आणि ती मी सही करून घेतली.

त्या यादीत एक नवी योजना होती. ज्याला जे काम आधीच येतं, त्याचंच त्याला प्रमाणपत्र द्यायचं. तीन दिवस वर्ग, चौथ्या दिवशी परीक्षा, टोपी आणि टी-शर्ट फुकट. लूम कामगारांची बॅच भरायची होती. सांगायची गरज पडली नाही, मामा खात्यातले वीस जण घेऊनच आले. शिकवायला होता एक पदविकावाला, ज्यानं लूम कॉलेजच्या सहलीत पाहिला होता. आमच्या केंद्रात मशीन नव्हतं, भिंतीवर मशीनचं मोठं रंगीत चित्र होतं. परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी मामांना हिंदीत विचारलं, की मशीनमधल्या धोट्याचं कार्य सांगा. मामांनी इकडंतिकडं पाहिलं आणि विचारलं, "मशीन कुठंय?" बाईंनी चित्राकडे बोट दाखवलं. मामा चित्राजवळ गेले, बराच वेळ बघत राहिले, आणि म्हणाले, "बाई, हे उलटं छापलंय. असं मशीन चाललं तर माणसाचा हात जाईल." दोन वर्षं ते चित्र तिथं होतं. डाव्याचं उजवं झालेलं, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. बाईंनी उत्तर 'प्रश्नाला धरून नाही' म्हणून नोंदवलं. मामांना ब श्रेणी मिळाली. पदविकावाल्यानं सांगितलेलं पाठ करणाऱ्या, लूमवर सहा महिने झालेल्या एकाला अ मिळाली. मामांनी त्याला पेढा दिला.

प्रमाणपत्रं वाटायच्या दिवशी मी भाषण केलं. पाहुणे होते, फोटो होते, टाळ्या हव्या होत्या. मी म्हणालो, "आजपासून तुम्ही कागदावरचे कुशल कामगार. आता शेठसमोर ताठ मानेनं उभे राहा. कुशल माणसाचा दर मागा, हजेरीपटावर नाव मागा. हा कागद तुमच्या बाजूनं बोलेल." असलं भाषण मी दर बॅचला करतो. दर बॅचला माणसं टाळ्या वाजवतात आणि कागद पेटीत टाकतात, कारण त्यांना जग माहीत असतं. मामांनाही जग माहीत होतं. पण बोलणारा जावई होता.

आठच दिवसांनी मामा माझ्याकडे आले. पाया पडले, आणि उभ्यानंच सांगू लागले. शेठ जुनी लूम मशीनं भंगारात काढणार होते. नवीन पाण्याच्या झोताची मशीनं यायची होती. नव्या मशीनवर एक माणूस जुन्या चौघांचं काम करतो, म्हणजे तिघं घरी. ज्यांचं नाव हजेरीपटावर आहे त्यांनाच नव्यावर घेणार अशी खात्यात बोलवा होती. एकोणीस वर्षांत मामांचं नाव कुठल्याच पटावर नव्हतं, ते ठेकेदाराच्या वहीत होते आणि ठेकेदार तीन झाले होते. "पण आता कागद हाये," ते म्हणाले. "तुम्ही म्हटलं ना, कागद बोलेल. मी शेठला विचारतो, नव्या मशीनवर घ्या आणि पटावर घ्या. तुम्ही फक्त सोबत बसा बापू. बोलेन मी."

मला तेव्हाच सांगता आलं असतं, की मामा, ते भाषण होतं. नाही सांगितलं. एक तर सांगायला लाज वाटली. आणि दुसरं कारण असं, की तो शेठ आमच्या केंद्राचा मोठा आधार होता. कोर्स झालेल्या माणसांना काम लागलं, अशी पत्रं वर पाठवावी लागतात. ती पत्रं हाच शेठ सही करून देई, चहाबरोबर, न वाचता. तेव्हा तोंडावर नाही म्हणायला नको, जाऊ, बसू, बघू, असं मी ठरवलं. माझं सगळं आयुष्य जाऊ, बसू, बघू यातच चाललंय.

शेठ माणूस गोड. आम्हाला केबिनमध्ये बोलावलं, मला खुर्ची दिली, मामांनाही बसा म्हणाला. मामा अर्थातच बसले नाहीत. माझ्या खुर्चीच्या मागं उभे राहिले, छातीशी लॅमिनेशन केलेलं प्रमाणपत्र धरून, आणि मालविक्रीच्या कोर्सात शिकवलेलं हसू तोंडावर आणून गुजरातीत बोलले. फार सुंदर बोलले. एकोणीस वर्षांत किती वेळा आग विझवली, कोणतं मशीन कोणत्या आवाजाला बिघडतं, शेठच्या वडिलांच्या वेळी कशी तीन दिवस सलग पाळी केली, आणि आता सरकारनंही कुशल म्हटलंय, तेव्हा नव्या मशीनवर घ्या, पटावर घ्या, कुशल माणसाचा दर द्या. शेवटी प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं. शेठनं ते उचललं, चष्मा लावून वाचलं, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "साहेब, हे दर मागायचं, पटावर नाव मागायचं, तुम्ही लोक शिकवता यांना?"

हीच ती वेळ होती. 'हो, शिकवतो' एवढे दोन शब्द बोलायचे होते. मामा मागं उभे होते, माझं तोंड त्यांना तसंही दिसत नव्हतं. तरी मी खुर्ची आणखी थोडी शेठकडे वळवली, पाठ पूर्ण मामांकडे केली, खोकल्याचं निमित्त करून तोंडावर हात घेतला आणि खालच्या आवाजात म्हणालो, "ना ना शेठ, ए तो खाली भाषणमां बोलवानुं होय." नाही हो शेठ, ते नुसतं भाषणात बोलायचं असतं.

शेठ हसला. मीही हसलो, हे विसरता येत नाही. मग शेठ त्याच गोडीनं मामांना म्हणाला, "काका, हवे तमे सर्टिफिकेटवाळा थई गया. कालथी घेर आराम करजो." आता तुम्ही सर्टिफिकेटवाले झालात, उद्यापासून घरी आराम करा. एवढंच. प्रमाणपत्र त्यानं दोन्ही हातांनी परत दिलं.

बाहेर आलो. चहाच्या टपरीपाशी मामा थांबले, आणि वाकून माझ्या पाया पडले. "तुम्ही आलात बापू, तेवढं पुरं," म्हणाले. मी त्यांना उचललं नाही. माझे हातच पुढं झाले नाहीत. संध्याकाळी बायकोनं मला सांगितलं, की मामांचा फोन येऊन गेला. जावईबापूंनी शेठपुढं जोरात बाजू मांडली, पण शेठच ऐकायला तयार नव्हता. बायकोच्या डोळ्यांत माझ्याबद्दल अभिमान होता. तिनं त्या दिवशी शिरा केला. मी तो खाल्ला.

पुढचे चार-पाच महिने मामा सगळी प्रमाणपत्रं एका फायलीत घालून फिरले. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये म्हणाले, माणसं ठेकेदार आणतो. इच्छापोरला फाटकावर ठेकेदार भेटला तर तो म्हणाला, चाळिशीच्या आतले पाहिजेत. फाटकावरचा रखवालदार आमच्याच कोर्सचा निघाला, मामांच्याच बॅचचा. दोघांनी एकमेकांना शिकवल्याप्रमाणे कडक सलाम ठोकला, आणि मामा परत आले. हा किस्सा त्यांनी आम्हाला हसत हसत, साभिनय सांगितला. घरातले सगळे पोट धरून हसले. मी मात्र हात धुवायला उठलो.

मी जाणं कमी केलं. कामाचं कारण होतंच. या आखाजीला बायकोनं ओढूनच नेलं. दार उघडंच होतं. आत मामी आणि मामा साड्यांच्या ढिगात होते. बाजारातून साड्या घरी आणायच्या, कापडावर लोंबणारे सुटे धागे कात्रीनं कापायचे, घड्या घालून परत द्यायच्या. आमच्या भागात बायका घरी बसून करतात ते काम. आणि मामा बसले होते. भिंतीला टेकून, मांडी घालून, मांडीवर पिवळी साडी घेऊन. इतक्या वर्षांत मी मामांना बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. बत्तीस वर्षं ज्यांनी तुटलेला धागा जोडला, ते खाली मान घालून धागे कापत होते.

"बठा बापू, बठा," म्हणत ते उठायला लागले. गुडघे धरल्यामुळे वेळ लागला. पाया पडले. मामी पाणी आणायला गेल्या, बायको त्यांच्या मागं गेली. मामांनी साडी बाजूला सारली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "बॅच भरली का?" भरली नव्हती. नवा कोर्स होता, घरबसल्या उद्योगाचा, आणि तीन माणसं कमी पडत होती. पण ते विचारायला मी आलो नव्हतो, हे देवाशपथ खरं. "नसंल तर मी शे ना," मामा म्हणाले.

मला तिथं बसवेना. मी उठून देवघरापाशी गेलो, त्यांच्याकडे पाठ केली, आणि त्या टांगलेल्या कागदांकडे बघत, स्वतःलाच ऐकू येईल न येईल अशा आवाजात पुटपुटलो, "मामा, माझं चुकलं." समोर बघून म्हणायची हिंमत नव्हती. त्यांना ऐकू येणार नाही, हे माहीत होतं म्हणूनच तर म्हणालो.

मागून मामांचा आवाज आला. सावकाश, नेहमीपेक्षा खालचा. "जाऊ द्या बापू. तुमचीबी नोकरी हाये."

मी वळलो नाही. माझ्या कानामागची शीर मलाच जाणवायला लागली. म्हणजे मामा तेव्हा थापा मारत नव्हते. म्हणजे त्या दिवशी केबिनमध्ये माझ्या खुर्चीच्या मागं उभं राहून त्यांनी सगळं वाचलं होतं, माझं हसणंसुद्धा. आणि ते सगळं कळल्यावर ते टपरीपाशी माझ्या पाया पडले, आणि घरी जाऊन भाचीला फोन करून तिच्या नवऱ्याची अब्रू राखली.

मामींनी पाणी आणलं. मग आमरस झाला, पोळ्या झाल्या, मामांनी वाढताना तुपाची धार धरली. निघताना मी त्यांच्या पायाशी वाकलो तर चटका बसावा तसे ते मागं सरले. "नाही बापू, हे आपल्यात चालत नाही," म्हणाले, आणि तेच वाकले. मी थांबवायला हवं होतं. दरवाजाच्या चौकटीला धरून उभा राहिलो.

सोमवारी नवी बॅच सुरू झाली. सांगायला जीभ जड होते, पण मामांचं नाव मी लिहिलं होतं. अठ्ठाविसावं. ते वेळेच्या आधी आले, डोक्याला तेल लावून. अंगठ्याच्या मशीनपाशी सवयीनं डावा हात पुढं केला, मग काय वाटलं कोणास ठाऊक, तो मागं घेऊन उजवा अंगठा ठेवला. मशीन पहिल्याच वेळी हिरवं झालं. मामांनी अंगठा डोळ्यांजवळ नेऊन उजेडात धरला. लूमवरच्या तारेला हात न लागल्यामुळे इतक्या महिन्यांत त्यावरच्या रेषा पुन्हा उगवून आल्या होत्या.

"हे पाहा बापू," मला अंगठा दाखवत ते म्हणाले, आणि खरोखरच आनंदानं हसले. "आता ओळखतं मला."

मी हजेरीच्या यादीकडे बघत होतो.